नको असलेल्या माणसांची यादी

उकंडराव देशमुख मला कधी आवडला नाही. त्याला जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली, मीही पेन्शन खात घरी बसलो आहे, तरी त्याचं नाव निघालं की माझं डोकं फिरतं. अकोल्याच्या कचेरीत या माणसाने माझी पाच वर्षं नासवली. त्याच्याविषयी लिहायचं तर रागानेच लिहिणार, हे आधीच सांगून टाकतो.

तो बार्शीटाकळीकडच्या एका गावचा देशमुख. दर मंगळवारी कचेरीत यायचा. घरी चांगली दमणी आणि तिला जोडायला पांढरी बैलजोडी असताना हा पायी यायचा. बैलांना उगाच दोन कोस कशाला पळवायचं, असं त्याचं म्हणणं. दारात जोडे काढायचा, पायांची धूळ झटकायचा आणि प्रत्येक बैठकीपाशी थांबून एकच प्रश्न विचारायचा.

"तुमी उद्या आले नाई तं काय अडते?"

पहिल्यांदा विचारलं तेव्हा मला वाटलं, गंमत करतोय. मीही हसून म्हणालो, "उकंडराव, मी आलो नाही तर तुमचा अर्ज कोण वाचील?"

"मंग मी अर्जच देत नाई," तो म्हणाला. "दोघंई घरी राहू."

तो हसला नव्हता. त्याला हसताना मी कधी पाहिलंच नाही.

ते दिवस कापसाचे होते. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली, तिथला कापूस विलायतेला जाईनासा झाला आणि आमच्या काळ्या मातीची चंगळ झाली. कालपर्यंत चिलमीला महाग असलेले लोक बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या घालू लागले. कापसाबरोबर सरकारही फुगलं. जिथे एक कारकून होता तिथे तीन आले. सडकेचे जमादार आले, नाकेदार आले, कापूस तपासणारे आले आणि त्या तपासणाऱ्यांना तपासणारेही आले. अशात आमच्याकडे एक नवीन डिप्टी कमिशनर साहेब आला. उंच, वाळका, एका पोळीवर जेवण आटोपणारा. त्याने गावोगाव दवंडी पिटवली की सरकारात कोणती माणसं आणि कोणती कामं फुकटची आहेत, ते रयतेने बेलाशक लिहून कळवावं.

मोगलाईत रयतेला असं कुणी विचारलं नव्हतं. आमची रयत काय, तुटूनच पडली. अर्जांचे गठ्ठे येऊ लागले आणि ते वाचून साहेबांना मतलब सांगण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. अकोटच्या एकाने लिहिलं, तहसीलदाराच्या घोड्यापुढे पळणारा भालदार बंद करावा, कारण त्याची धूळ तहसीलदाराच्याच नाकात जाते. एका पाटलाने लिहिलं, पटवारी काढून टाकावा, त्याचं काम मी बघतो. दुसऱ्याच दिवशी त्याच गावच्या पटवाऱ्याचा अर्ज आला, की पाटलाची काहीच गरज नाही. एका विधवा बाईने लिहून घेतलं होतं, कचेरीच्या दारात तीन माणसं तीनदा नाव विचारतात, माझं नाव एकच आहे. कुणी म्हणालं, सगळे काढा आणि एकटा साहेब ठेवा. कुणी म्हणालं, साहेब काढा आणि त्याचा घोडा ठेवा. एका भल्या गृहस्थाने सगळ्या चपराशांना घरी बसवण्याची मागणी करून शेवटी आपल्या मेहुण्याला चपराशी घ्यावं, अशी विनंती केली होती.

साहेब हसायचा. मग उकंडरावाचे अर्ज येऊ लागले आणि साहेबाचं हसणं थांबलं.

कारण उकंडराव अंदाजाने लिहीत नसे. तो येऊन बघत बसे. धोतराच्या सोग्यात मूठभर सरकी घेऊन तो कुणातरी एकाच्या समोर भिंतीला टेकून बसायचा. त्या माणसाने लागणारं एक काम केलं की एक सरकी डाव्या हातातून उजव्या हातात. मग पुन्हा टक लावून बघणं. समोर असा माणूस बसला असताना कलम कसं चालतं, ते ज्याचं त्याला ठाऊक. दिवस मावळताना तो उठायचा आणि ज्याचा आकडा त्याला तोंडावर सांगायचा.

"चपराशी नऊ," तो मला म्हणाला. "तुमी चार."

"मी सतरा कागद लिहिलेत आज!"

"लेहले सतरा," तो म्हणाला. "लागत होते चार."

ही गोष्ट चपराशाने घरोघर सांगितली. पुढे सहा महिने बाजारात लोक मला बघून चार बोटं दाखवायचे. माझ्या बायकोनेसुद्धा एकदा भाजी चिरताना विचारलं, "खरंच का हो चारच?"

त्याच्या स्वतःच्या घरीही हेच. मुलीचं लग्न निघालं तेव्हा देशमुखाच्या घरचं लग्न म्हणून पंचक्रोशी जेवणाची वाट बघत होती. कापसाच्या पैशावर लोक पाच-पाच दिवस पंगती उठवत होते. याने ठरवलं की लग्नाला नवरा लागतो, नवरी लागते, भटजी लागतो आणि दोन्हीकडचे आईबाप लागतात. मामा कायले? वाजंत्री कायले? बाकीचे लोक काय करतात, अक्षताच टाकतात ना, थे भटजीबी टाकून देईन. सात माणसांत लग्न उरकलं. भटजी आमच्या नात्यातला होता, तो सांगायचा, इतकी शांतता मी सुतकातही पाहिली नाही. उकंडरावाची बायको पार्वताबाई त्यानंतर वर्षभर त्याच्याशी बोलली नाही. वर्षाने बोलली तेव्हा म्हणे त्याने विचारलं, वर्षभर काही अडलं का?

आणि सगळ्यांत चीड आणणारी गोष्ट म्हणजे हा माणूस पुष्कळदा बरोबर असायचा. एकदा तो स्वतःच्या कापसाच्या गाडीमागे अकोटपर्यंत चालत गेला. वाटेत सात ठिकाणी सात सरकारी माणसांनी गाडी थांबवली, चिठ्ठी मागितली, उलटसुलट करून परत दिली. सातांपैकी एकानेही कापसाला हात लावून बघितला नाही. हे त्याने जसंच्या तसं लिहिलं. साहेबाने चौकशी केली आणि चार नाके उठवले. गाडीवानांनी उकंडरावाला हार घालायला आणला तर म्हणाला, फुलं कायले तोडली? मी ते सगळं खिडकीतून बघत होतो. त्याचं एखादं तरी म्हणणं खोटं निघावं म्हणून मी मनोमन देव पाण्यात घालून बसलो होतो.

मग तो मुन्शीजींच्या समोर येऊन बसला.

मुन्शी रहीमोद्दीन आमच्या कचेरीतले फारसीनवीस. मोगलाईतल्या सगळ्या सनदा, इनामपत्रं, जुने निवाडे फारसीत, आणि तेही असल्या घसीट अक्षरात की शिकलेल्या मौलवीलाही लागू नये. ते वाचणारे जिल्ह्यात हे एकटे. पण इंग्रजी अंमल आला तसं कामकाज मराठीत सुरू झालं आणि मुन्शीजींकडे महिन्यातून एखादा कागद जाऊ लागला. ते रोज वेळेवर यायचे, पांढरंशुभ्र चपकन अंगात घालून बसायचे, कलम तासायचे आणि वाट बघायचे. मी नवखा असताना माझी पहिली चूक त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतली होती. दुपारी आम्ही एका सावलीत बसायचो. वडिलांनंतर मला त्यांचाच आधार वाटायचा.

उकंडराव तीन दिवस त्यांच्यासमोर बसला. एकही सरकी हलली नाही. मुन्शीजींनी मात्र तिसऱ्या दिवशी त्याला विचारलं, "देशमुख साहब, पानी मंगवाऊं? तीन दिन से बैठे हो."

चौथ्या दिवशी अर्ज आला. फारसी मुन्शी नको.

साहेबाने मला विचारलं, "मुन्शी का काम है कुछ?" आज ना उद्या जुन्या सनदांची चौकशी निघणार आणि तेव्हा या माणसावाचून जिल्हा आंधळा होणार, हे मला सांगता आलं असतं. पण त्याच अर्जात खालच्या ओळीत माझं नाव होतं, चार सरक्यांसकट. मी घाबरलो. म्हणालो, "आजकल कम है, हुजूर." साहेबाने यादीतल्या माझ्या नावावर काट मारली, म्हणजे मी वाचलो, आणि मुन्शीजींच्या नावाखाली सही केली. मुन्शीजींनी कलमदान रुमालात बांधलं आणि ते अमरावतीला लेकीकडे निघाले. जाताना माझा हात धरून म्हणाले, "पंत, साहब फिर याद करे तो चिठ्ठी भेजना. मैं आऊंगा." मी हो म्हणालो. माझ्या त्या हो म्हणण्याचा राग मी पुढे उकंडरावावर काढला असेल तर असो. तो त्याच लायकीचा होता.

दीड वर्षाने तेच झालं. सरकारने हुकूम काढला की ज्यांच्याकडे इनामाची शेतं आहेत त्यांनी मूळ सनद दाखवावी आणि तिची मराठी नक्कल द्यावी. उकंडरावाचं नाल्याकाठचं मोठं वावर इनामी होतं. सगळ्या गावात काळीभोर जमीन म्हणजे तीच. पणजोबाने लढाईत तलवार गाजवली म्हणून बादशहाने ती दिली, असं त्याचं घराणं चार पिढ्या सांगत आलं होतं. तो सनदेची पितळी नळी घेऊन कचेरीत आला. कागद उलगडला. शिरस्तेदारांनी बघितला, मी बघितला, सगळ्यांनी माना हलवल्या.

"वाचणारा कुठे गेला?" मी विचारलं. मला किती आनंद झाला होता म्हणून सांगू!

साहेबाने हुकूम केला, अमरावतीला जाऊन मुन्शीकडून वाचून आणा. नक्कल लिहायला माझी नेमणूक झाली. गाडीत दोन दिवस आम्ही समोरासमोर बसून होतो आणि मी त्याच्याशी दहा शब्द बोललो असेन.

मुन्शीजी जावयाच्या अत्तराच्या दुकानामागच्या ओसरीवर बसले होते. चपकन तसंच शुभ्र. त्यांनी आधी उकंडरावाला पाणी दिलं, मग हात धुऊन सनद घेतली. पहिल्यांदा मनात वाचली. मग पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचली.

"वाचू, देशमुख साहब?"

"त्याच्यासाठीच आलो ना."

मुन्शीजी सावकाश अर्थ सांगत गेले आणि मी लिहीत गेलो. बार्शीटाकळीच्या वाटेवर नाल्याच्या उतारापाशी रांजण ठेवून होळीपासून मृगापर्यंत येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी पाजावं. पाजणारा माणूस दिवसभर हजर असावा. हे चालेल तोवर वावर चालेल.

"तलवार?" उकंडरावाने विचारलं.

"तलवार का इसमें जिक्र नाही."

तिथे पाणपोई नव्हती. त्याच्या आजोबाच्या वेळेपासून नव्हती. विहिरीत दगड पडले होते. फुकटच्या माणसांच्या याद्या करणारा हा गृहस्थ तीन पिढ्या न केलेल्या कामाचं वावर खात बसला होता. मी मान खाली घालून लिहीत राहिलो, कारण मान वर केली असती तर मला हसू आवरलं नसतं.

मुन्शीजी मात्र हळूच म्हणाले, "इसमें घबराने का क्या है? सरकार का आदमी आने को दो महिने है. विहीर साफ करो, रांजण भरो, एक माणूस बिठाव. सेवा चालू, जमीन चालू."

"माणूस बसवू?" उकंडराव म्हणाला. "त्या वाटंनं दिवसातून सात गाड्या जातात. सात गाड्यांसाठी दिवसभर माणूस?"

"वावर जाईल तुमचं!" मी न राहवून ओरडलो.

"जाईन तं जाईन. बिनकामाचा माणूस मी बसवत नाई."

मग मी हात जोडले. या माणसापुढे मी एकदाच हात जोडले ते तेव्हा. म्हणालो, "तुमच्या वावराचं तुम्ही बघा. पण हा कागद वाचायला शेवटी मुन्शीजीच लागले ना? साहेब तुमचं ऐकतो. एक ओळ लिहा की मुन्शी पाहिजे. मुन्शीजींची जागा परत मिळेल."

मुन्शीजी अंगणाकडे बघत बसले होते. उकंडरावाने सनद गुंडाळून नळीत घातली.

"एका कागदासाठी बारा मईने माणूस?" तो म्हणाला. "कागद आला तं त्यायच्याकडे घेऊन याचा. आलो का नाई आपुन?"

त्या दिवसापासून मी त्याचे अर्ज वाचणं सोडलं. तो वाळका साहेब लवकरच बदलून गेला, नव्या साहेबाला शिकारीतून सवड नव्हती, कुणी विचारणारं नव्हतं. उकंडरावाचा अर्ज आला की मी घडीसुद्धा न उलगडता वर 'मागीलप्रमाणेच' असा शेरा मारायचो आणि दप्तराच्या रुमालात बांधून टाकायचो. मला त्यात फार समाधान वाटायचं.

वावर जाणार, अशी मी खूणगाठ बांधली होती. ते गेलं नाही. ते वाचवलं पार्वताबाईने. या बाईचं नखसुद्धा कधी गावाने पाहिलं नव्हतं, देशमुखांच्या बायका उंबऱ्याबाहेर पडत नाहीत. नवरा माणूस बसवत नाही म्हटल्यावर तिने विहिरीतले दगड काढवले आणि डोक्यावरून पदर ओढून स्वतः रांजणापाशी जाऊन बसली. भर उन्हात, वाटेवर, गाडीवानांच्या ओंजळीत पाणी ओतत. सरकारी माणूस आला, तांब्याभर पाणी प्याला आणि सेवा चालू असल्याचं त्याने लिहून दिलं. उकंडराव तिला म्हणाला म्हणे, "कायले बसतं दिवसभर? सातच गाड्या गेल्या." ती म्हणाली, "सात जन पानी पेले ना."

ती दोन उन्हाळे बसली. दुसऱ्या उन्हाळ्यानंतरच्या पावसाळ्यात तापाने गेली. आता पाणपोई बंद पडणार, असं मी कचेरीत सगळ्यांना सांगून मोकळा झालो. होळी झाल्यावर बातमी आली की खुद्द देशमुख रांजणापाशी बसतो आहे. गावाने त्याची पोटभर थट्टा केली. मी त्या सगळ्यांपेक्षा जास्त केली.

त्याच्या पुढच्या वर्षी वैशाखात मला पैमाशीच्या, म्हणजे जमीनमोजणीच्या कामाने त्या वाटेने जावं लागलं. दुपारची वेळ. नाला कोरडा ठाक. गाडीवानाने न विचारताच बैल थांबवले आणि पाणी प्यायला उतरला. मी गाडीतच बसून राहणार होतो, पण घशाला कोरड पडली होती. उतरलो.

तो पळसाच्या पाल्याच्या मांडवाखाली बसला होता. दाढी वाढलेली, हात मात्र धुतलेले. त्याने मला ओळखलं. तांब्या भरून दिला. मी दोन घोट घेतले तोच म्हणाला, "मुन्शीजी चैतात गेले. तुमाले मालूम असन."

मला मालूम नव्हतं. दुपारच्या सावलीत ज्यांच्याशेजारी मी सहा वर्षं बसलो ते गेल्याला महिना उलटला होता, आणि ते मला उकंडरावाकडून कळत होतं.

"कापूस घेऊन अमरावतीले गेलो की मी त्यायच्याकडे बसत जाओ," तो सांगू लागला. "शेवटच्या खेपंले गेलो तं उठून राहिले नोते. पन चपकन धुऊन खुंटीले लावून ठेवलं होतं. जावई म्हने, कचेरीतून बोलावनं येईन म्हून रोज विचारतात. चूक माईच होती. म्याच त्यायले सांगतलं होतं ना, का मी अर्ज देला हाये म्हून."

"कसला अर्ज?" मी विचारलं.

"मुन्शीजीले परत घ्या म्हून. घरची गेल्यावर मी अठी बसलो, तवा समजलं मले. दिवसभर कोनी येत नाई. मंग एक जन येते अन् त्याचा जीव जाऊन राहिला असते. मी लेहलं सायबाले, का माहं चुकलं. एक डाव देला, मंग दिवाईनंतर अजून एक डाव देला. तुमच्याच हाती तं देला, पंत." त्याने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत संशय नव्हता, आणि म्हणून मला ती सहन होईना. "सायब काय म्हने?"

ते दोन्ही अर्ज तेव्हा अकोल्यात फळीवर होते. घडी न मोडलेले, वर माझ्या हातचा शेरा.

"नामंजूर," मी म्हणालो. "साहेबांनी दोन्ही वाचले. विचार केला आणि नामंजूर केले."

उकंडरावाने बराच वेळ मान हलवली.

"वाचले ना?" तो म्हणाला. "मंग झालं."

माझ्या हातातला तांब्या त्याने काढून घेतला, रांजणात बुडवून काठोकाठ भरला आणि दोन्ही हातांनी पुन्हा माझ्यापुढे धरला. "अजून घ्या, पंत. ऊन लय हाये, लंबं जाचं हाये तुमाले."

मी तो तांब्याही प्यालो आणि गाडीत जाऊन बसलो.